शुभाच्या हद्दीतली झाडं

"आता लावू, की मार्चमध्ये?" असं शुभानं सप्टेंबरात विचारलं, तेव्हा सुवर्णाला कोण आनंद झाला. अमेरिकेत येऊन चार वर्षं होत आली होती, आणि तिला जे येत होतं त्यातलं काही कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. अकोल्याला तिनं उद्यानविद्येत एम.एस्सी. केली होती. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये मात्र ती गुरुनाथची बायको आणि ईशानची आई, डिपेंडंट व्हिसावरची. नोकरी करायची सोय नाही. पार्टीत कुणी 'तुम्ही काय करता' म्हणून विचारलं की ती ईशानकडे बोट दाखवायची.

"आता म्हणजे आताच," ती म्हणाली. "बाराही महिने हिरवी राहणारी झाडं आहेत ही. जमीन गोठायच्या आत त्यांना पाय रोवायला वेळ लागतो. उशीर होणार असेल तर सरळ एप्रिलवर टाक."

"एप्रिल नको. पानं गळायच्या आत लावायचीत मला."

दोघींच्या परसांच्या मधे भिंत नव्हती. वस्तीच्या असोसिएशनचा नियमच होता, कुंपण घालायचं नाही. झाडं लावायला मात्र कुणी अडवत नसे. हद्दीवर एक मेपल आणि चार वेडीवाकडी झुडपं होती, तीही पानं गळली की नुसत्या काड्या. शुभाचं म्हणणं असं की हिवाळाभर पश्चिमेचा वारा त्यांच्या जेवणाच्या खोलीवर आपटतो, गॅसचं बिल बघवत नाही. तेव्हा पश्चिमेला दाट ओळ हवी. शुभाच्या पश्चिमेला सुवर्णाचं घर होतं. वारा खरंच तिकडूनच यायचा. यात शंका घेण्यासारखं काय होतं?

सुवर्णानं लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली, शनिवारी नर्सरीत गेली, आणि आर्बोरव्हायटी निवडली. आपल्याकडची मोरपंखीच, फक्त इथली उंच वाढणारी. शाळेत असताना जिची डहाळी 'विद्या' म्हणून पुस्तकात जपून ठेवायची, तीच. पान चुरगाळून तिनं ईशानच्या नाकाशी धरलं.

"स्मेल्स लाइक मेडिसिन," तीन वर्षांचा ईशान म्हणाला.

"पोरांना जायला-यायला मधे एक फट ठेवू या का?" तिनं शुभाला विचारलं. ईशान दिवसातून दहादा हद्द ओलांडून स्वानंदीकडे पळायचा. स्वानंदी शुभाची मुलगी, पहिलीतली; ईशानच्या लेखी तिच्याइतकं शहाणं जगात कुणी नव्हतं.

"फट नको गं. तूच म्हणालीस ना, फटीतून वारा जास्त जोरात घुसतो?"

म्हणाली होती खरी. ऐकून घेणारी विद्यार्थिनी मिळाल्यासारखं तिला वाटलं. पोरं काय, पुढच्या दारानं जातील, म्हणून तिनं ते सोडूनही दिलं.

शुभासाठी तिनं याहून जास्त केलं असतं. गेल्या हिवाळ्यात ईशानला ताप चढून आकडी आली, तेव्हा गुरुनाथ कामासाठी दूर प्लेनोला होता आणि रस्त्यावर गुडघाभर बर्फ होता. शुभा रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून आली, पोराला मांडीवर दिलं आणि गाडी काढली. तेव्हापासून सुवर्णा जगातल्या माणसांचे दोन भाग करायची: शुभा आणि बाकीचे. आता तिला सहावा महिना होता. जानेवारीच्या शेवटी बाळंतपण. आईचा व्हिसा झाला नव्हता, सासूबाईंचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले. दिवस भरले की ईशानला कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न तिला झोपू देत नव्हता. जूनमध्ये शुभानंच तो सोडवला. "अगं, माझ्याकडे राहील की. त्यात काय विचारायचं? स्वानंदीला खेळायला होईल."

त्या एका वाक्यावर सुवर्णाचा सगळा जानेवारी उभा होता.

*

दिवाळीच्या आधीचा शनिवार ठरला. गॅसची पाइपलाइन, केबल कुठून जाते ते दाखवायला कंपनीचा माणूस येऊन हिरवळीवर पिवळे-केशरी पट्टे मारून गेला होता. गुरुनाथ आणि शुभाचा नवरा अनुप कुदळ-फावडी घेऊन कामाला लागले. सुवर्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सूचना देत होती.

"खड्डा खोल नको, रुंद हवा. मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट. आणि अनुप, कडा फावड्यानं चोपून गुळगुळीत नका करू. इथली माती चिकण आहे. भांड्यासारखी होते, मुळं आतल्या आत गोल फिरत बसतात."

"ऐकलंस का गुरू?" अनुप म्हणाला. "कंपनीत मॅनेजर, घरी मॅनेजर, आता खड्ड्यातही मॅनेजर."

एरवी अशा वेळी गुरुनाथनं दुप्पट उत्तर दिलं असतं. आज तो नुसता खाली मान घालून खणत होता. दमला असेल, म्हणून सुवर्णानं त्याला पाण्याची बाटली पाठवली, ईशानच्या हाती. ईशान आणि स्वानंदी आच्छादनासाठी वाळका पालापाचोळा छोट्या बादलीतून आणून खोडाशी ओतत होते.

"खोडाला चिकटवून नाही रे राजा, जरा लांब. खोडाला श्वास घेऊ दे."

"ट्रीज डोन्ट ब्रीद फ्रॉम देअर," स्वानंदीनं त्याला परस्पर समजावलं.

ऊन कोवळं होतं. मेपल लालभडक झाला होता आणि सहा झाडं ओळीत उभी राहिली होती. सुवर्णाला वाटलं, आपण इथे काहीतरी लावलं. आपल्या नावावर नाही, शुभाच्या हद्दीत, पण लावलं.

तेवढ्यात मागचं दार सरकवून मालिनीकाकू चकल्यांची ताटली घेऊन आल्या. या शुभाच्या सासूबाई. पुण्याहून उन्हाळ्यात आलेल्या, दिवाळी करून परतणार होत्या. शेजारची दुसरी खुर्ची ओढून त्या टेकल्या आणि ओळीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"तुझं मन मोठं हो," काकू म्हणाल्या.

"मी कुठे काय केलं, काकू? खणणारे ते दोघं."

"तसं नव्हे. मी तुझ्या जागी असते ना, तर फिरकले नसते इथे. मी शुभाला म्हटलं, अगं, लावायची तर लाव, पण तिला तोंडावर सांगून लाव. मागाहून कळलं तर केसानं गळा कापल्यासारखं होईल. सांगितलंन तिनं, आणि तू समजूनही घेतलंस. वर निवडूनसुद्धा दिलीस झाडं. सोपं नाही हो."

सुवर्णाच्या हातातली चकली तशीच राहिली. "काय सांगितलं?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग फावडं मारणाऱ्या मुलाकडे, मग परत तिच्याकडे.

"चकली खा. गार होते."

"चकली गारच असते, काकू. काय सांगायचं होतं मला?"

काकूंचा स्वभाव लपवाछपवीचा नव्हता, आणि तोंडातून गेलेलं परत घेण्याचं वयही उरलं नव्हतं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुझ्या सिंकवरच्या खिडकीतून आमचं सगळं दिसतं म्हणे. कोण केव्हा आलं, पोरगी कुठे गेली. जुलैत तू सहज विचारलंस ना, अनुपची गाडी तीन दिवस दारातच कशी? त्याची नोकरी गेलेली मला तेव्हा कळली. महिनाभरात दुसरी मिळाली, मी काही मनात ठेवलं नाही. पण शुभाला ते फार लागलं. तेव्हापासून म्हणते, मला माझ्याच घरात पडद्याआड राहिल्यासारखं वाटतं. म्हणून ही ओळ."

"वाऱ्यासाठी," सुवर्णा म्हणाली.

"वारा काय गं, वारा आहेच." काकूंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू अशी अवघडलेली. म्हणूनच ते जानेवारीचंसुद्धा तुझ्याशी न बोलता तुझ्या नवऱ्याशी बोलले. तेवढं बरं केलं. त्यानं काहीतरी सोय केली असेलच."

सुवर्णानं मान वर केली. गुरुनाथ सहाव्या झाडाभोवतीची माती बुटांनी दाबत होता, तिनं सकाळी शिकवलं होतं तशी: हलक्या पायानं, पोकळी राहू न देता.

*

ती उठली. पोटाखाली हात धरून सावकाश ओळीच्या टोकाला गेली. शुभा गॅरेजमधून खताची पिशवी ओढत येत होती, हिरवळीवर वसंतात टाकतात ती.

"बरं झालं आलीस," शुभा म्हणाली. घामानं तिची बट कपाळाला चिकटली होती. "हे मूठमूठ घालू का बुंध्याशी? लवकर उंच होतील."

सुवर्णानं पिशवीवरचा आकडा वाचला. नत्र भरपूर. आता हे घातलं तर पंधरा दिवसांत कोवळी फूट येईल आणि नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला पहिल्या कडक थंडीत काळी पडेल. मार्चपर्यंत निम्मी ओळ तपकिरी होईल. तिनं फक्त गप्प राहायचं होतं. 'घाल की' एवढंसुद्धा म्हणायची गरज नव्हती. शुभानं पिशवीचा दोरा ओढायला घेतला होता.

पण झाडांनी तिचं काय घोडं मारलं होतं?

"नको," सुवर्णा म्हणाली. "लावल्या वर्षी खत नाही. जमीन गोठेपर्यंत फक्त पाणी, आठवड्यातून एकदा, खोलवर. खत पुढच्या शरदात, पानझड झाल्यावर." आणि तोच आवाज ठेवून तिनं विचारलं, "शुभा, जानेवारीत ईशानला ठेवणार आहेस का तू?"

शुभाचा हात दोऱ्यावर थांबला. तिनं पहिल्यांदा मागे वळून गुरुनाथकडे पाहिलं. मग सुवर्णाकडे.

"गुरुनाथ बोलला नाही तुला?"

"तू बोल."

"हे बघ, असं इथे..." पोरं ऐकत नाहीत ना, ते शुभानं पाहिलं. "मी जूनमध्ये खरंच मनापासून म्हटलं होतं. पण नाही झेपणार मला. ईशान नाही गं, ईशान गोड आहे. झेपणार नाहीस ती तू. तू हॉस्पिटलमधून तासातासाला फोन करशील. दूध किती प्यायला, जिन्याचं दार लावलं का, स्वानंदीनं त्याला काही भरवलं तर नाही ना. परवा स्वानंदी सायकलवर कोपऱ्यापर्यंत गेली, तर मला कळायच्या आत तुझा फोन. मी तिची आई आहे, सुवर्णा. मला आपलं वाटतं, मी सारखी परीक्षेला बसलेय."

"ती हेल्मेटशिवाय होती."

"हेच! हेच म्हणतेय मी."

स्वानंदी मागे कुठेतरी ईशानला सांगत होती की गांडूळ कापलं तर दोन होतात, आणि ईशान ते अजिबात मानत नव्हता.

"मला सांगायचंस," सुवर्णा म्हणाली. "मी खिडकीला पडदा लावला असता, शुभा. एक पडदा. तुला सांगायला जड गेलं, समजू शकते. पण मला का विचारलंस, कुठली झाडं लावू? किती अंतरावर? फट ठेवू का नको? मला दिसू नये म्हणून लावायची आणि मलाच विचारायचं?"

"तुला झाडांतलं कळतं म्हणून," शुभा म्हणाली. आणि तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की ती खोटं बोलत नव्हती. तिला यात काही विचित्र वाटलंच नव्हतं. चांगला डॉक्टर शेजारी राहत असला की माणूस त्यालाच विचारतं, तसं. "आणि तू किती खूश होतीस. मग सांगवेना."

त्या दयेनंच सुवर्णाला सगळ्यात जास्त लागलं. रागावली असती शुभा, भांडली असती, तर भांडता आलं असतं.

"ईशान, चल," तिनं हाक मारली.

"बट वी आर नॉट डन!"

"झालं आपलं. चल."

*

गुरुनाथ संध्याकाळी परत आला आणि गॅरेजसमोर नळ सोडून फावडं धुवायला लागला. ईशान आत टीव्हीसमोर होता. सुवर्णा दारात उभी राहिली.

"कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"गुरू."

त्यानं नळ बंद केला. "गणपतीच्या सुमाराला. अनुप ट्रेनमध्ये बोलला." अनुपला नवी नोकरी लागल्यापासून रोज सकाळी दोघं एकाच गाडीनं शिकागोला जायचे, एकाच बाकावर. "तुझं बीपी तेव्हाच वर गेलं होतं. डॉक्टर म्हणाली नव्हती का, स्ट्रेस नको म्हणून? म्हटलं, आधी काहीतरी जमवतो, मग सांगतो."

"जमवलंस?"

"ऑफिसमधल्या एकीला विचारून ठेवलंय. तिच्या ओळखीची एक बेबीसिटर आहे."

"नाव काय तिचं?"

गुरुनाथ फावड्याच्या पात्याकडे बघत राहिला.

"कुठे राहते? पोराला आकडी येते हे सांगितलंस तिला?"

"अगं, जानेवारीला वेळ आहे अजून."

"गेल्या रविवारी आपण ईशानची बॅग भरली," सुवर्णा म्हणाली. "शुभाकडे न्यायची. मी कपडे घड्या करून ठेवत होते. तू वरून मोजे आणून दिलेस. म्हणालास, शुभाकडे खाली फरशी गार असते, जाड मोजे घाल."

"मग काय म्हणायला हवं होतं मी त्या क्षणी?"

"आणि आज खड्डे खणलेस."

"अनुपला नाही कसं म्हणणार होतो? आणि तूच म्हणालीस, सगळ्यांनी मिळून लावू. सुवर्णा, यार, मी कुणाच्या बाजूनं नाही आहे. मला फक्त शांतता हवी होती थोडे दिवस."

"मिळाली की. तुम्हा तिघांना मिळाली. काकूंना धरून चौघांना." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे गुरुनाथ अधिकच बावरला. "मी एकटी वेड्यासारखी वाऱ्याची दिशा मोजत होते."

तो जवळ आला. ओल्या हातानं तिच्या खांद्याला धरायला गेला, हात ओला आहे हे लक्षात येऊन थांबला. "सॉरी. खरंच सॉरी. मी करतो काहीतरी. सोमवारी फोन करतो त्या बाईला."

"नको. अनोळखी बाईच्या ताब्यात मी त्याला देणार नाही. मी कशी आहे ते आता सगळ्यांनाच माहीत आहे." सुवर्णानं दाराच्या चौकटीला टेकून श्वास घेतला. शुभाशी बोलून आल्यापासून ती सिंकपाशी उभी राहिली नव्हती, आणि एवढ्या वेळात तिनं एक गोष्ट ठरवली होती. "दिवस भरले की मला हॉस्पिटलच्या दारात सोडायचं आणि परत फिरायचं. ईशानजवळ तू थांबशील."

"आणि तू?"

"मी आत जाईन. तिथे नर्सेस असतात."

"एकटी? डिलिव्हरीला? वेडी झालीस का? मला तिथे असायचंय. ईशानच्या वेळी मी..."

"ईशानच्या वेळी होतास. मला आठवतं." तिला खरंच आठवत होतं: त्यानं तिचा हात इतका घट्ट धरला होता की नर्सला हसू आलं होतं. "विश्वासानं ईशानला सोपवावं असं इथे माझ्या ओळखीचं कुणी उरलेलं नाही. तू त्याचा बाप आहेस, म्हणून तू."

म्हणजे विश्वास आहे म्हणून नव्हे, हे दोघांनाही कळलं. गुरुनाथनं फावडं भिंतीला टेकवलं. ते घसरून पडलं, तरी त्यानं उचललं नाही.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ईशानला झोपवायची वेळ झाली, तशी ती टेबलापाशी बसून राहिली. "आजपासून तू झोपव," ती म्हणाली. "सवय होऊ दे त्याला. दिवा विझवायचा नाही, मंद करायचा. औषध वरच्या कप्प्यात. ताप शंभराच्या वर गेला तर लगेच द्यायचं, वाट बघायची नाही."

"मला माहीत आहे हे सगळं."

"नाही माहीत तुला. आज बघ."

थोड्या वेळानं वरून ईशानचा आवाज आला. "नॉट लाइक दॅट, बाबा! आई डज द व्हॉइस." मग गुरुनाथनं वाघाचा आवाज काढला. तो कुत्र्यासारखा आला. मग रडणं. "आई! आई, यू कम!"

सुवर्णा अर्धी उठली. सगळ्या अंगानं तिला वर जायचं होतं. जिन्याची पहिली पायरी इथून चार पावलांवर होती. ती पुन्हा बसली आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. पोटात बाळानं लाथ मारली.

"सुवर्णा," गुरुनाथनं जिन्यावरून हाक मारली. "जरा ये ना. ऐकतच नाहीये तो."

"त्याला सांग, आई हॉस्पिटलमध्ये आहे," ती खालून म्हणाली.

वर गुरुनाथ बोलायला लागला, हळू, अडखळत, ते शब्द तिला नीट कळत नव्हते. ईशान मधून मधून हुंदके देत काहीतरी विचारत होता आणि तो उत्तरं देत होता. ती उठली नाही. वरचे दोन्ही आवाज शांत होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.